मेपल स्ट्रीटवरचे दिवे

मराठी वाहिनीवर भुताची नवी मालिका आली की आमच्या घरच्या ग्रुपवर जुना वाद पेटतो. मामांनी उभं आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घातलं. गावोगाव फिरून बुवांच्या चमत्कारांमागची हातचलाखी लोकांना करून दाखवली. त्यांचं म्हणणं ठाम आहे: पडद्यावरची भुतं बंदच व्हायला हवीत. मामांबद्दल मला अपार आदर आहे. तरी या एका बाबतीत मी त्यांच्याशी भांडतो, आणि त्याला कारण आहे मी राहतो ते गाव.

बिंगहॅमटन. न्यूयॉर्क राज्यातलंच, पण त्या मोठ्या शहरापासून गाडीने तीन तास लांब. इथल्या रिक्रिएशन पार्कमध्ये लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड आहे. बसायला पैसे पडत नाहीत. लेकीला घोड्यावर बसवलं की मी खाली उभा राहून वरच्या फळ्यांवर रंगवलेली चित्रं बघतो. ती सगळी 'द ट्वायलाइट झोन'मधली दृश्यं आहेत. गूढकथांची ही जुनी अमेरिकी टीव्ही मालिका घडवणारा रॉड सर्लिंग याच गावात वाढला. १९५९ ते १९६४ या काळात तिचे १५६ भाग झाले, सगळे कृष्णधवल. प्रत्येक भागात नवी गोष्ट, नवी माणसं. त्यातले ९२ भाग त्याने स्वतः लिहिले.

तो गूढाकडे का वळला, हे मामांनी ऐकावं असं मला फार वाटतं. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी हाल हाल करून मारलं आणि न्यायालयातून ते सुटले. सर्लिंगने त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहायला घेतलं. दक्षिणेतलं गिऱ्हाईक दुखावेल म्हणून प्रायोजक घाबरले. मारला गेलेला माणूस कुणी अनामिक परदेशी झाला, गाव उचलून न्यू इंग्लंडात नेलं. कोका-कोला दक्षिणेचं पेय, म्हणून त्याच्या बाटल्यासुद्धा दिसू दिल्या नाहीत. माणसाबद्दल सरळ बोलू देत नाहीत म्हटल्यावर त्याने परग्रहावरचे लोक आणले. त्यांच्या आडून तो तेच बोलत राहिला.

मार्च १९६० मध्ये दाखवलेला मेपल स्ट्रीटचा भाग घ्या. संध्याकाळची वेळ, साधी गल्ली. आकाशातून काहीतरी लखलखत जातं आणि वीज, फोन, गाड्या सगळं बंद पडतं. एक पोरगा म्हणतो, गोष्टीत वाचलंय, परग्रहवासी आधी माणसाच्या रूपात एक कुटुंब पाठवतात. झालं. एकाची गाडी आपोआप सुरू होते, तो संशयित. तोच रात्री आकाश बघत उभा असायचा असं कुणीतरी सांगतं, संशय आणखी वाढतो. अंधारातून चालत येणाऱ्या माणसावर गोळी झाडली जाते आणि मग कळतं, तो शेजारीच होता. शेवटी टेकडीवर खरे परग्रहवासी दिसतात. दिवे घालवणं आणि लावणं, यापलीकडे त्यांनी काहीच केलेलं नसतं.

हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्याची बातमी वाचल्यावर. साक्री तालुक्यातलं गाव, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. तिथे भूत नव्हतं की बुवा नव्हता. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून होता, पण अशा दुपारी त्याचा काय उपयोग?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आबा इथे आले होते तेव्हा थंडीत माकडटोपी घालून रोज शतपावली करायचे. एका संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यातला त्यांचा फोटो आला, खाली प्रश्न: हा कोण, घरं का न्याहाळतोय? आबा थांबले होते ते दारातलं गुलाबाचं झाड बघायला. थंडीत ते गवताने बांधून ठेवलेलं, त्याचं त्यांना नवल वाटलं होतं. फोटो मी त्यांना दाखवला नाही. त्या शेजाऱ्याकडे मात्र गेलो आणि सांगितलं, ते माझे वडील आहेत.

ज्या मालिकेत शेवटी मांत्रिक अंगारा फुंकतो आणि सगळं बरं होतं, तिच्यावर मामांचा राग शंभर टक्के खरा आहे. तिथे मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण रत्नाकर मतकरींनी 'गहिरे पाणी'तून मराठी घरांत गूढकथा नेल्या, तिथे भीती माणसाच्या मनातून उगवत होती. दोन्ही एकाच फटक्यात बंद केलं तर राईनपाड्याची गोष्ट दिवाणखान्यात कोणत्या वाटेने पोचणार? बातमी आपण चार दिवसांत विसरलो.

मामांना मी काल लिहिलं आहे. तुमच्या पुढच्या शिबिरात मुलांना मेपल स्ट्रीट दाखवा, जेमतेम पंचवीस मिनिटांचं आहे. संवाद मराठीत मी उतरवून देतो. गल्लीचं नाव काय ठेवायचं, ते तुम्ही सांगा.