झाकण अडकलं की स्क्रू ड्रायव्हर उचलू नका

जून उजाडला की ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. तिसरा माझा ऐरोलीचा मावसभाऊ होता, आणि त्याची गाडी अजून वर्षाचीही झालेली नाही, म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: 'पावसाळ्यात पेट्रोलच्या टाकीचं झाकण गंजून चिकटतं. गॅरेजला पैसे घालवू नका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचका. नाही उघडलं तर गरम पाणी ओता किंवा हेअर ड्रायर लावा. एकदा डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मारला की कायमचं काम. सेंट्रल लॉक तीनदा दाबलं की कुठल्याही गाडीचं झाकण उघडतं. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर दाबाने झाकण लॉक होतं, म्हणून अर्धीच भरा. काही तुटलंच तर इन्शुरन्स आहे.'

झाकण हा शब्द आपण दोन वस्तूंना वापरतो. एक बाहेरचं, गाडीच्या रंगाचं, दारासारखं उघडणारं. दुसरं त्याच्या आतलं, पिळून काढायचं काळं टोपण. मेसेजमध्ये या दोन्हींची सरमिसळ आहे आणि निम्मी चूक तिथेच होते. मी बाहेरच्याला झाकण म्हणेन आणि आतल्याला टोपण.

'गंजून चिकटतं' हे पहिलंच वाक्य घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटशेजारी खाली एक लहान लीव्हर असतो. त्याला सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीतून जाणारी तार जोडलेली असते. ती गाडीच्या मागपर्यंत जाते आणि झाकणामागच्या स्प्रिंगवाल्या पिनेला ओढते. पिन मागे सरकली की एक लहानशी पट्टी झाकणाला बाहेर ढकलते. म्हणजे झाकण न उघडण्याची कारणं चार-पाच जागी असू शकतात: लीव्हरपाशी, तारेत, पिनेत, त्या ढकलणाऱ्या पट्टीत किंवा बिजागरीत. गंज त्यातलं एक कारण आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बाकीची सगळी सोडून दिली.

हे मला अनुभवाने कळलं. गेल्या वर्षी जुलैत सकाळी घणसोलीला निघालो होतो, पेट्रोलचा दिवा लागलेला, पाऊस कोसळत होता. वाटेतल्या एका पंपावर रांगेत नंबर आला, लीव्हर ओढला, झाकण ढिम्म. मागून हॉर्न सुरू. पंपावरच्या माणसाने मदतीच्या भावनेनेच स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मी 'हं' म्हणालो. झाकण उघडलं, कडेचा रंग उडाला, आणि ज्या पत्र्यावर टेकवून त्याने जोर दिला तो पत्रा आत गेला. संध्याकाळी कळव्याच्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी झाकणाकडे पाहिलंही नाही. सीटशेजारचं लीव्हरचं कव्हर काढलं, तारेचं टोक हुकातून निसटलं होतं ते पुन्हा अडकवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. म्हणाले, "साहेब, झाकणाला काही झालंच नव्हतं. तार इथून सुटली होती." बिघाड गाडीच्या पुढच्या भागात होता आणि आम्ही मागे पत्रा वाकवत बसलो होतो.

म्हणून उचकण्याच्या सल्ल्याला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. झाकण स्वतः फार महाग नसतं, बहुतेक गाड्यांत ते सुटं मिळतं. पण स्क्रू ड्रायव्हरला टेकू लागतो, आणि तो टेकू मागच्या चाकावरच्या पत्र्याचा असतो. त्या भागाला गॅरेजवाले क्वार्टर पॅनल म्हणतात. दार किंवा बॉनेटसारखा तो बोल्ट काढून बदलता येत नाही, तो बॉडीला वेल्ड केलेला असतो. एवढ्याशा पोचेसाठी डेंटिंग, पुट्टी आणि अख्ख्या पॅनलचा रंग असं काम निघतं. रंग उडालेला कोपरा तसाच ठेवला तर आपल्या खाडीकाठच्या हवेत तो फार काळ पांढरा राहत नाही. माझ्या गाडीवर दिवाळीपर्यंत तांबूस रेघ उतरली होती.

मग करायचं काय? दोन माणसं घ्या. एकाने लीव्हर ओढून धरायचा, दुसऱ्याने त्याच वेळी झाकणावर तळहाताने हलकं दाबून सोडायचं. नुसतं एवढ्याने बरीच झाकणं उघडतात, कारण पिन सरकत असते, फक्त ढकलणारी पट्टी मेलेली असते किंवा मातीने कड धरलेली असते. अशा वेळी कडेत जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवलं तर चालतं, कारण पिन आधीच सुटलेली आहे आणि जोर लावायचाच नाहीये. लीव्हर ओढताना हाताला काय लागतं तेही पाहा. अगदी ढिला, काहीच न लागणारा लीव्हर म्हणजे तार सुटली किंवा तुटली. दगडासारखा घट्ट म्हणजे तार नळीत अडकली. तेव्हा ताकद लावली तर लीव्हरच हातात येतो.

लीव्हरने काम होत नसेल तर डिकी उघडा. पुष्कळ गाड्यांत झाकणाच्या बाजूला, आतल्या अस्तरामागे, याच प्रसंगासाठी एक दोरी किंवा पट्टा दिलेला असतो. तो ओढला की पिन थेट सरकते. दोरी नसली तरी अस्तराच्या क्लिपा काढल्यावर अनेकदा पिनेच्या खटक्याची मागची बाजू दिसते आणि पिन बोटाने मागे घेता येते. तिथूनच मागच्या दिव्यांच्या वायरी जातात, तेव्हा टॉर्च लावून, बघून हात घाला. दोरीची जागा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेली असते. मेसेजमध्ये डिकीचा शब्दही नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लीव्हर चालत नसताना एकही ओरखडा न काढणारा उपाय तोच आहे.

गरम पाणी आणि हेअर ड्रायर. हा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतून आलेला आहे. तिकडे झाकणाच्या फटीत पाणी गोठतं आणि ते वितळवावं लागतं. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही पाणी गोठत नाही, मग वितळवणार काय? गरम पाण्याने आपल्याकडे फक्त आणखी पाणी आत जातं. ड्रायर मात्र धोक्याचा आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्या कुठल्याही ऋतूत ती तशीच असते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साठते. टोपण नीट लागलेलं नसेल, रबर फाटलेलं असेल तर ती तिथेच असणार. ड्रायरमध्ये तापून लाल होणारी तार असते आणि त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडू शकतात. टाकीच्या तोंडापाशी, तेही बंद पार्किंगमध्ये, ही वस्तू नेऊ नका. लायटर किंवा हीट गनबद्दल तर बोलायलाच नको.

डब्ल्यूडी-४० वाईट नाही. त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं मिश्रण. ओल काढायला, जाम झालेली बिजागरी सोडवायला ते चांगलंच आहे. चूक आहे ती 'कायमचं' या शब्दात. त्याचा थर पातळ असतो, पावसात टिकत नाही. आधी त्याने जागा साफ करा, फडक्याने पुसा आणि मग पिनेला व बिजागरीला थोडं पांढरं ग्रीस लावा. आणि एक गोष्ट जी फारसं कुणी पाहत नाही: झाकणाच्या आतल्या खोलगट जागेत खाली पाणी जायला भोक असतं. घोडबंदर रोडवर झाडाखाली गाड्या उभ्या असतात, तिथे पानं आणि माती जाऊन ते बुजतं, पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्याआधी ते भोक मोकळं केलंत तर बाटलीभर स्प्रे मारण्यापेक्षा जास्त फायदा आहे.

सेंट्रल लॉकचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मी नाकारत नाही. ज्या गाड्यांत लीव्हर नसतो, झाकण दाबल्यावर उघडतं, तिथे दारांच्या लॉकबरोबर एक छोटी मोटर झाकणाची पिन हलवते. ती पिन कधी कधी अर्ध्यात अडकते आणि लॉक-अनलॉक केल्यावर सुटते. अनलॉक करताना झाकणाला कान लावा. 'टक' ऐकू आलं तर मोटर जिवंत आहे, ऐकू आलं नाही तर फ्यूज पाहा किंवा डिकीतली दोरी शोधा. पण तारेच्या गाडीत तुम्ही तीसदा लॉक दाबलंत तरी काहीही होणार नाही, कारण दोन्हींचा संबंधच नाही.

उरला टाकीतला दाब. दाब टोपणावर येतो, बाहेरच्या झाकणावर नाही. झाकणाच्या कडेने हवा सहज ये-जा करते, दाब धरायला तिथे काही नाहीच. टोपण काढताना 'फुस्स' आवाज येतो, त्यावरून लोकांची समजूत होत असावी. टाकीतली वाफ, फक्त वाफ शोषून धरण्यासाठी असलेल्या कोळशाच्या डब्यातून जाऊन पुढे इंजिनात जळते, तशी सोय गाडीतच असते. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर साधारण अर्ध्या लिटरने फुगतं आणि तेवढी जागा टाकीत राखलेली असते. उन्हाळ्यात टाकी फुल केल्याने स्फोट होतो असा एक मेसेज इंडियन ऑइलच्या नावाने फिरला होता, तेव्हा कंपनीने स्वतः खुलासा करून सांगितलं होतं की उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं सुरक्षित आहे. फक्त नोझल आपोआप बंद झाल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणून आणखी ओतायला लावू नका, ते पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं.

आणि इन्शुरन्स. झीज आणि यांत्रिक बिघाड गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत धरलेला नसतो, म्हणजे तुटलेली तार तुमच्याच खिशातून. वाकलेल्या पत्र्यासाठी क्लेम केलात तरी १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्याला भरावे लागतात. शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो, जो पहिल्या वर्षाला २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो.

सीएनजीवाल्यांना वेगळं सांगायला हवं, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत त्यांची संख्या मोठी आहे. मारुती आणि टाटाच्या, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाड्यांत झाकणाला मायक्रोस्विच, म्हणजे झाकण उघडं की बंद ते ओळखणारा छोटा स्विच, जोडलेला असतो. झाकण उघडं असेपर्यंत गाडी सुरू होत नाही, गॅस भरताना अपघात होऊ नये म्हणून. उचकून वाकवलेलं झाकण नीट बसलं नाही तर गॅस भरूनही गाडी रांगेतच उभी राहते.

मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने तेव्हाच खाली जाऊन डिकीतलं अस्तर बाजूला केलं आणि दोरीचा फोटो पाठवला. रविवारी तो वहिनींनाही ती जागा दाखवणार आहे, कारण आठवड्यातले चार दिवस गाडी त्याच चालवतात.