‘मी कसला लायक?’ या उद्गाराविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय वाचक, प्रभूच्या नावात सलाम.

खोट्या नम्रतेवरील माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप मी दोनदा वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे: स्वतःला तुच्छ म्हणवून घेण्यामागे पुष्कळदा अहंकार दडलेला असतो, हे माझे विधान नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्या पौलालाही दोषी ठरवते, कारण त्याने स्वतःला प्रेषितांत, म्हणजे ख्रिस्ताने पाठवलेल्या दूतांत, कनिष्ठ म्हटले आहे, मंडळ्यांना, म्हणजे आपल्या चर्चना, आज ग्रासले आहे ते गर्वाने, त्यामुळे अशा लिखाणाने गर्विष्ठांचेच फावते, आणि नम्रतेवर लेख लिहिणे हीच मुळात प्रौढी आहे.

पौलाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 15:9) तो स्वतःला प्रेषित म्हणवून घेण्यासही अपात्र ठरवतो, हे खरे. परंतु आपण देवाच्या मंडळीचा छळ केला, हे त्याचे कारणही तो तेथेच सांगतो. म्हणजे तो शिष्टाचाराचा उद्गार नसून घडलेल्या अपराधाची कबुली आहे. आणि लगेच पुढच्या वचनात तोच पौल म्हणतो की इतर सर्वांपेक्षा आपण अधिक श्रम केले, मात्र ते देवाच्या कृपेने झाले. केलेले श्रम तो नाकारत नाही. त्यांचे श्रेय तेवढे स्वतःकडे ठेवत नाही. मी जिच्यावर टीका केली ती नम्रता नेमके उलटे करते: आपला अपराध कोणता, हे ती कधीच सांगत नाही, आणि श्रम नाकारते ते इतरांनी आग्रहाने पदरात घालावेत म्हणून.

शिवाय हा भेद मी काढलेला नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, 18 व्या आणि 23 व्या वचनांत, पौल एका प्रकारच्या लीनतेपासून सावध करतो. तिसऱ्या अध्यायाच्या 12 व्या वचनात मात्र लीनता धारण करा, असे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, ‘तापेइनोफ्रोसुने’. पहिली लीनता मिरवणारा मनुष्य मनातून फुगलेला आहे आणि त्याने मस्तकाला, म्हणजे ख्रिस्ताला, धरून ठेवलेले नाही, एवढे पौल त्याच्याविषयी सांगतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत असल्या पाहिजेत, नाहीतर सावध करण्याची गरजच पडली नसती.

त्या दिसण्याला मी स्वतः फसलो आहे. एका प्रार्थनासभेनंतर मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, पुढच्या रविवारच्या उपदेशासाठी मला विचारले. ‘मी कसला लायक? दुसऱ्या कोणाला तरी द्या,’ असे मी सवयीने म्हणालो. ते बरे म्हणाले, वहीत पेन्सिलीने दुसऱ्याचे नाव लिहिले आणि वही मिटली. माझ्या खिशात तेव्हा त्याच उपदेशाच्या मुद्द्यांचा घडी घातलेला कागद होता. त्यांनी माझे म्हणणे जसेच्या तसे खरे मानले, दुसरे काही केले नाही. तरीही मला तो अपमान वाटला आणि पुढचे कित्येक दिवस तो डाचत राहिला. आपण स्वतःविषयी जे बोलतो तेच दुसऱ्याने मान्य केले तर आपले काय होते, यावरून मी तेव्हापासून माझ्या नम्रतेची पारख करतो, आणि पुष्कळदा नापास होतो.

गर्विष्ठांचे फावेल, या आपल्या भीतीविषयी. गर्विष्ठ आणि खोटे नम्र असे दोन वेगळे गट आपण गृहीत धरले आहेत, ते मला पटत नाही. जुन्या करारातील, इस्राएलचा पहिला राजा शौल याचे पाहा. आपले कूळ बन्यामिनाच्या वंशात सर्वांत क्षुद्र आहे, असे तो संदेष्टा शमुवेलाला सांगतो; राजा म्हणून त्याची निवड होते तेव्हा तो सामानसुमानात लपून बसलेला सापडतो. हे लपणे खोटे होते, असे शास्त्र म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण पुढे 1 शमुवेल 15 मध्ये हाच मनुष्य कर्मेल येथे स्वतःसाठी स्मारक उभारतो, लोकांच्या भीतीने देवाची आज्ञा मोडतो आणि ‘मी पाप केले आहे’ असे म्हणून झाल्यावर लगेच, निदान वडीलजनांसमोर तरी माझा मान राखा, अशी विनवणी करतो. लोकांच्या नजरेला भिणे हे लपतानाही होते आणि स्मारक उभारतानाही, असे मला वाटते. तेव्हा एकावर लिहिणे म्हणजे दुसऱ्याला मोकळीक देणे नव्हे.

आपल्या तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे बचाव नाही. हे लिहितानाही, आपण कसे प्रांजळपणे चूक सांगितली, असे एक समाधान मनात डोकावतेच. वरचा प्रसंग सांगतानाही ते होते. म्हणून लिहायचेच नाही, असे केले तर ‘दुसऱ्या कोणाला तरी द्या’ हेच नव्याने म्हटल्यासारखे होईल, इतकेच मी म्हणेन.

एका ठिकाणी मात्र चूक सर्वस्वी माझी आहे. ‘स्वतःला सतत पापी म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावे,’ असे मी लेखात लिहिले होते. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात दूर उभा राहून ‘मी पापी आहे’ म्हणत ऊर बडवणारा जकातदार याच वाक्याने संशयित ठरला असता, आणि मी त्याला तुच्छ लेखणाऱ्या, धार्मिकतेचा तोरा मिरवणाऱ्या परूश्याच्या जागी उभा राहिलो असतो. पारख करायची ती स्वतःची; शेजारच्या बाकावरच्या माणसाची करण्यासाठी ती कोणाच्या हाती द्यायला नको होती. ते वाक्य मी आज लेखातून काढले आहे, आणि का काढले, हे तेथेच एका ओळीत नोंदवले आहे.