‘पाठवायला काय जातं?’

काल आत्याकडून आलेला मेसेज थोडक्यात असा: ‘बातमी तपासत बसू नका, लगेच पुढे पाठवा. इतके लोक खोटं कशाला सांगतील? खोटी निघाली तर काही बिघडत नाही, खरी निघाली तर कुणाचा जीव वाचेल. पेपरवाले विकले गेलेत. अफवा बॉट (माणसाशिवाय आपोआप चालणारी खाती) पसरवतात, आपण नाही.’ आत्याने आयुष्यभर विज्ञान शिकवलं, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

‘काही बिघडत नाही’ हे आधी घेतो, डोकं त्यानेच फिरलं. २०२० मध्ये इराणमध्ये दारूने कोरोना बरा होतो अशी अफवा पसरली. तिथे दारूवर बंदी, त्यामुळे लोकांच्या हाती लागलं ते विषारी मिथेनॉल. शेकडो माणसं गेली, कित्येकांची दृष्टी गेली. ती अफवा पुढे ढकलणाऱ्यांतही ‘वाचला तर एखादा वाचेल’ म्हणणारे असणारच. बरं, नंतर खोटं ठरलं तर दुरुस्ती कोण पाठवतं? ‘कालचं चुकीचं होतं’ असा आत्याचा मेसेज मला आजवर एकदाही आलेला नाही.

‘इतके लोक’? एकाच कागदाच्या पन्नास झेरॉक्स म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. व्हॉट्सॲपवरचा दुहेरी बाण सांगतो की मजकूर मूळ लिहिणाऱ्यापासून किमान पाच हात लांब आलाय. आत्याला तो खरेपणाचा शिक्का वाटतो!

बॉटचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वोसूगी, रॉय आणि अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या खऱ्याखोट्या बातम्यांचे सुमारे १,२६,००० प्रवास तपासले. २०१८ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. बॉट दोन्ही सारख्याच वेगाने पसरवत होते. फरक पाडला तो माणसांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही. खोट्यात नवलाई जास्त होती, हे त्यांना दिसलेलं एक कारण. ‘अय्या, हे माहीतच नव्हतं!’ असं वाटलं की बोट आपोआप बाणाकडे जातं. थांबायचं नेमकं तिथेच.

पेपरवाले चुकतात, हे मात्र मान्य करावं लागतं. इराककडे संहारक शस्त्रं असल्याच्या बातम्यांत न्यूयॉर्क टाइम्ससारखं वर्तमानपत्र घसरलं. पण मे २००४ मध्ये त्यांनी ते स्वतःच्याच पानावर कबूल केलं. या मेसेजखाली कुणाचं नाव आहे?

आत्याला एवढंच विचारलं, ‘हे मुळात लिहिलं कुणी?’

उत्तर आलं, ‘अरे, सगळ्यांकडे आलंय.’