कादंबरीतल्या माणसांचा निकाल कसा लावावा

कादंबरी हातात आली की पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटणारे लोक मला फार भोळे वाटतात. तुम्ही तसं करू नका. वाचनालयातून पुस्तक आणलं की आधी पानं चाळा आणि पात्रांची आडनावं काढा. माणूस कसा आहे हे सांगायला लेखकाला चारशे पानं लागतात. आपल्याला एसटीत शेजारी बसलेल्याची सगळी कुंडली भुसावळहून जळगाव येईपर्यंत कळलेली असते.

खान्देशात मात्र या कामी एक अडचण आहे. आपल्याकडे पाटील म्हटलं तर लेवा असू शकतो, मराठा असू शकतो, गुजर असू शकतो. चौधरी आणि महाजन यांचंही तेच. 'पाटील, म्हणजे कोणते पाटील?' हे आपण लग्नाच्या बैठकीत विचारतो, दवाखान्याच्या बाकावरही विचारतो, पण कादंबरीतल्या पाटलाला विचारायची सोय नाही. लेखकानं मुद्दाम लपवलं असेल तरी धीर सोडू नका. चुलीवर काय शिजतंय ते बघा, घरातल्या बायका कोणत्या बोलीत भांडतात ते ऐका, मुलगी कोणत्या तालुक्यात दिली ते टिपून ठेवा. एवढं हाती लागलं की निकाल तयार. उरलेली कादंबरी फक्त पुराव्यासाठी वाचायची.

मग ऐपतीकडे वळा. गरिबाला सद्गुण देताना हात आखडता घेऊ नका, मजुरी देताना घेतला तरी चालेल. कादंबरीतला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, प्रामाणिकच हवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरलं की पुढच्या आखाजीपर्यंत त्यानं मालकाच्या बैलांवर जीव टाकावा, मालकीणबाईंना आई म्हणावं आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात साप चावून मरावं. एखादा सालदार उचल घेऊन मधेच निघून गेला, किंवा रात्री कापसाचं गाठोडं त्याच्या घराकडे वळलं, किंवा तो नुसताच मालकाच्या पोरापेक्षा हुशार निघाला, तर लेखकाला ग्रामीण वास्तवाची जाण नाही असं ठणकावून सांगा. आपण आपल्या स्वतःच्या सालदाराबद्दल वर्षभर ओट्यावर बसून काय बोलतो, तो विषय वेगळा. तो जिवंत आहे, त्याला उचल द्यावी लागते. कादंबरीतल्याला सहानुभूतीवर भागतं.

बोलीचाही उपयोग करून घ्या. 'कथा जाई ऱ्हायना भो?', म्हणजे 'कुठं चाललास भाऊ?', असं अहिराणीत विचारणारं पात्र एक तर विनोदासाठी आलेलं आहे किंवा मरण्यासाठी. विचार करायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याच्या मनात पुण्याची मराठी चालते, मग तो जन्मला धुळ्यात का असेना. अहिराणीत कुणाला अस्तित्वाचा प्रश्न पडलेला दिसला तर ती छपाईची चूक समजा.

धर्माचं काम त्याहून सोपं आहे. गळ्यात माळ आणि कोठारात धान्य असेल तर माणूस ढोंगी. गळ्यात माळ आणि कोठार रिकामं असेल तर संत. माळ दोघांचीही तुळशीचीच, पंढरपुराहून आणलेली. निकाल कोठारावर लागतो. मुसलमान पात्रासाठी आपल्याकडे एकच जागा राखीव आहे. त्यानं चाचा व्हावं, ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवावा आणि गावात दंगल पेटली की नायकाच्या बहिणीला वाचवताना प्राण सोडावेत. त्याला शेताच्या बांधावरून भांडायला, व्याजानं पैसे द्यायला किंवा कंटाळा यायला परवानगी नाही. खलनायक केलं तर आपल्याला चालतं, फक्त साधा माणूस करू नये.

या सगळ्यात तडवी तेवढे त्रास देतात. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला राहणारे तडवी भिल्ल आहेत, म्हणजे आदिवासी, आणि इस्लामही मानतात. नंदुरबारकडे तेच आडनाव लावणाऱ्याचा धर्म वेगळा निघू शकतो. असं पात्र आलं तर त्याला धनुष्यबाण द्यायचा की शीरखुर्मा, हे ठरत नाही. पुस्तक मिटून ठेवा. बहुतेक लेखकांनी तडवी पात्र लिहिलेलंच नाही, त्यांचे या बाबतीत आभार मानायला हवेत.

तुम्ही म्हणाल, ही खोड नवी आहे. मुळीच नाही. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 सालची. हिंदू विधवांचे हाल त्यात कळवळून सांगितलेत, आणि यमुनेची सुटका होते ती तिनं धर्म बदलल्यावर. आपल्या कादंबरीनं जन्माला येतानाच निकालपत्र मुठीत धरून आणलं.

आता अवघड प्रकरण, श्यामच्या आईचं. गोष्ट कोकणातली आहे, पण साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, म्हणून तिच्यावर आपला हक्क. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी पडलेली असते. आई श्यामला सांगते, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. पहिल्या अर्ध्या वाक्यावर डोळ्यांत पाणी आणायचं असेल तर तिथंच थांबा. संतापायचं असेल तर थेट आंघोळीपासून वाचायला सुरुवात करा. पूर्ण वाक्य एका दमात वाचू नका, त्यानं फार गैरसोय होते. एक बाई तिच्या काळाच्या धर्मात राहून तो जेवढा ताणता येईल तेवढा ताणते आहे, आणि तिथंच थांबते आहे, असं काहीतरी दिसायला लागतं, आणि मग निकाल लिहिताना पेन अडतं. गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1947 साली पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हे दोन्ही एकाच वेळी आठवणं तर कटाक्षानं टाळा.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीचा पांडुरंग सांगवीकर त्या मानानं सोपा. खान्देशातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला शिकायला जातो, बापाचा पैसा उडवतो, नापास होतो, परत येतो. 1963 पासून आपण त्याचा निकाल लावतोय. तुमच्या घरी बागायत असेल तर त्याला संवेदनशील म्हणा. कोरडवाहू असेल तर माजलेला म्हणा. दोन्ही निकाल वडिलांच्या जमिनीवर ठरतात, फक्त तुमच्या वडिलांच्या.

अडाणी बाई शहाणी असली तर काय करायचं, हेही विचारून ठेवलेलं बरं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी टिपली आणि 1951 साली त्या गेल्यावर, 1952 साली पुस्तक निघालं. तेव्हापासून आपण शेतकरी बाईला ओवीत तत्त्वज्ञान सांगायची मुभा दिली आहे. तेच तिनं कादंबरीत गद्यात सांगितलं, त्यातही सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून सांगितलं, तर ते पात्र कर्कश वाटतं.

निकाल एकट्यानं लावायची भीती वाटत असेल तर साहित्य संमेलनाच्या मांडवाचा आधार घ्या. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच सुमारास त्याच गावात, त्याला विरोध म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही. बरीच मंडळी दोन्हीकडे जाऊन ऐकत होती. अशा लोकांपासून दूर राहा, त्यांचं मत कशावरच पक्कं होत नाही.

शेवटी एक खबरदारी. वाईट पात्र दुसऱ्या समाजाचं निघालं तर ते निर्भीड लेखन. आपल्या समाजाचं निघालं तर भावना दुखावल्या. यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एका पानाचा फोटो पुरतो. मग समाजाच्या कार्यालयात बैठक घ्या, सह्या गोळा करा, निवेदन घेऊन तहसीलला जा. फक्त जाताना कुणाकडून तरी शेवट तेवढा विचारून घ्या. तिथल्या एखाद्या कारकुनाला वाचनाचा नाद असतो, आणि निवेदनावर शिक्का मारता मारता तो विचारतो, 'साहेब, पण तो माणूस शेवटी सुधारतो ना?'