रेकॉर्ड रूमचं यश खिडकीवर मोजा

मार्च संपला की शाळा, ग्रामपंचायती, सेवा सोसायट्या सगळीकडे वार्षिक अहवाल लिहायला बसतात. आजकाल त्यात एक वाक्य हमखास असतं : "अभिलेखांचे संगणकीकरण पूर्ण." पुढे आकडे. इतकी पानं स्कॅन झाली, इतके गठ्ठे बांधले, लोखंडी रॅक घेतले, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. यातला एकही आकडा रेकॉर्ड नीट आहे की नाही ते सांगत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. काम किती केलं आणि पैसा किती लागला, एवढंच त्यातून कळतं. ज्याला कागद हवा होता त्याच्या हाती तो पडला का, आणि किती दिवसांनी पडला, याचा अहवालात रकानाच नसतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात काम करते. संस्थेच्या सगळ्यात जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत कोण आलं, कोण गेलं याच्या वह्या, माझ्याकडे आहेत. बारावीचा निकाल लागला की खिडकीवर गर्दी सुरू होते. पोरगं इंजिनिअरिंगला नाहीतर नर्सिंगला लागणार असतं, जात पडताळणीची फाइल टाकायची असते, आणि त्यासाठी आजोबाचा, जमलं तर पणजोबाचा शाळेतला दाखला पाहिजे असतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची नोंद मिळाली तर प्रकरणाला मोठा आधार होतो. खिडकीवर उभ्या असलेल्या बापाला या तारखा तोंडपाठ असतात. रोजी पाडून, एसटी बदलत आलेला असतो तो. "मॅडम, भेटते का जी नोंद?" एवढंच विचारतो.

आता ते रजिस्टर कसं असतं बघा. शाई पिवळट तपकिरी झालेली, कोपरे उधईने खाल्लेले, मधली शिवण सुटलेली. रकान्यात नाव असतं "गोमा वल्द सोमा", म्हणजे सोमाचा मुलगा गोमा. आडनाव नाहीच, ते घरात पुढच्या पिढीत आलं. जिल्हा लिहिलेला "चांदा", म्हणजे आजचं चंद्रपूर. गावाचं नाव आज बोर्डावर आहे तसं नाही, कारकुनाच्या कानाला जसं आलं तसं. हे पान स्कॅन करणारा मुलगा बाहेरून आलेला, पानामागे पैसे मिळणारा. त्याच्या संगणकात "आडनाव" हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून तो तिथे बापाचं नाव टाकतो नाहीतर रेघ मारतो. पान स्कॅन झालं, अहवालातल्या आकड्यात एकाची भर पडली. पण आजच्या आडनावाने शोधणाऱ्याला ते पान कधीच दिसणार नाही. कपाटात होतं तेव्हा निदान जुन्या शिपायाला ठाऊक होतं की त्या काळची वही खालच्या खणात आहे.

आपल्याकडे जिल्हेही बदलत गेले. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली निघाला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया. १९५६ पर्यंत तर आपण मध्य प्रदेशात होतो. तेव्हा सिरोंच्याच्या माणसाचा जुना कागद चंद्रपूरच्या बस्त्यात असू शकतो, आमगावच्या माणसाचा भंडाऱ्यात. सूची आजच्या तालुक्यांप्रमाणे केली तर ती दिसायला छान दिसते, आणि नेमक्या जुन्या नोंदी तिच्यातून निसटतात.

म्हणून "मागितलेल्यांपैकी किती कागद सापडले" हा आकडा काढला तरी तो एकरकमी काढू नये, असं मी म्हणते. समजा शंभरातले नव्वद सापडले. ऐकायला उत्तम. पण त्या नव्वदात बहुतेक मागच्या वीस-तीस वर्षांतले टीसी आणि गुणपत्रिका असतील, तर त्या सापडणारच होत्या, त्यांना संगणकीकरणाच्या कार्यक्रमाची गरजच नव्हती. उरलेले दहा १९५० च्या आधीचे असतील आणि मागणारे सगळे एकाच टोल्यावरचे, म्हणजे एकाच वस्तीतले असतील, तर तुमचा कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता त्यांच्याच बाबतीत फसला. आकडा कागदाच्या वयाप्रमाणे फोडा : १९५० आधीचे, १९५० ते ६७, त्यानंतरचे. मग खरं चित्र दिसेल. वेळेचंही तेच. सरासरी चार दिवस असं लिहिलं की ज्या बाईला तीन महिने लागले ती त्या सरासरीत बुडून जाते. मला सरासरीपेक्षा सगळ्यात जास्त थांबलेल्या माणसाचे दिवस महत्त्वाचे वाटतात.

हे मोजायला सॉफ्टवेअर लागत नाही. आमच्या खिडकीवर एक साधी दोनशे पानी वही आहे. तारीख, काय मागितलं, कोणत्या सालचं, कधी दिलं, नाही दिलं तर का. "का" हा रकाना मी हट्टाने ठेवला. त्यात "सापडले नाही" एवढं लिहिलं तर मी ते मान्य करत नाही. वही फाटली आहे, वही आहे पण ते वर्ष नाही, पडताळणीसाठी दुसऱ्या ऑफिसात गेली ती परत आलीच नाही, नाव सूचीत वेगळं आहे : यातलं नेमकं काय ते लिहायचं. वर्षभराची पानं चाळली की पैसा कुठे लावायचा ते आपोआप कळतं. आमच्याकडे अडचण कागद नसण्याची कमी आणि बाहेर गेलेल्या वह्या परत न येण्याची जास्त निघाली. तिच्यावर उपाय स्कॅनर हा नाहीच. वही बाहेर गेली की तिच्या जागेवर चिठ्ठी ठेवायची, कोणी नेली, कधी नेली, आणि दर महिन्याला त्या चिठ्ठ्या मोजायच्या.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहायला पाहिजे. मागणाऱ्यांची संख्या कमी झाली की "तक्रारी घटल्या" असं लिहितात. लोक थकून यायचे बंद झाले तरी संख्या घटतेच. एका सरकारी ऑफिसात मी स्वतः ऐकलंय, म्हाताऱ्या माणसाला सांगत होते, "सापडून नाही राहिलं बाबा, पुढच्या महिन्यात या." तो पुढच्या महिन्यात आला नसेल तर त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून रिकाम्या हाताने परत गेलेल्याचंही नाव वहीत हवं.

"अभिलेख उपलब्ध नाही" हे उत्तर आपल्याकडे फार हलकं झालंय. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) सांगतं की रेकॉर्डची यादी आणि सूची नीट करून ठेवणं हे कार्यालयाचं कामच आहे. म्हणजे आधी सूची करायची नाही आणि मग सापडत नाही म्हणायचं, याला कायद्यात जागा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की एकेकाळी असलेली माहिती आता सापडत नाही असं म्हणून कार्यालयाला मोकळं होता येणार नाही, शोध घ्यावा लागेल, जबाबदारी ठरवावी लागेल. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ सालचाच आहे. तेव्हा हे उत्तर वर्षात किती वेळा दिलं, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर यायला पाहिजे.

दुसरी परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यायची. सूचीतून डोळे मिटून वीस नोंदी काढा आणि वही शोधा. मग उलट, रॅकवरून कोणतीही वीस पानं काढा आणि ती सूचीत शोधा. शोधणारा माणूस मात्र नेहमीचा नको. नवीन लागलेल्या लिपिकाला बसवा. जुन्या बाबूच्या डोक्यात असलेलं रेकॉर्ड तो रिटायर झाला की त्याच्यासोबत घरी जातं, हे आपण प्रत्येक ऑफिसात पाहिलंय.

आणि नष्ट करण्याबद्दल कोणी बोलतच नाही. सरकारी पद्धतीत अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. कागद वर्गवारीने बांधून ठेवायची सहा गठ्ठे पद्धत सगळ्यांनी शिकलेली आहे. तरी जुन्या परिपत्रकांच्या प्रती आणि मुदत संपलेली हजेरीपत्रकं रॅकवर आरामात असतात, आणि कायम ठेवायचं दाखल-खारीज जमिनीवर, कवेलूतून गळणाऱ्या पाण्याखाली. मुदत संपलेल्यांपैकी किती कागद रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट केले, हेही यशाचंच माप आहे. भीतीपोटी सगळं जपणारा शेवटी काहीच जपत नाही.

गेटवर आयएसओ ९००१ ची पाटी लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की रेकॉर्डसाठी वेगळं मानक आहे, आयएसओ १५४८९. २००१ साली आलं, २०१६ ला सुधारलं. त्यात रेकॉर्डला चार गोष्टी लावलेल्या आहेत : अस्सल असणं, विश्वासार्ह असणं, शाबूत असणं आणि वापरता येणं. पहिल्या तिन्हींवर आपण शिक्के मारत बसतो. चौथी कोणी तपासत नाही.

शाळेच्या दाखल्यापुरता हा विषय नाही. वनहक्क कायद्यात गैरआदिवासी वननिवाशांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. कुठून दाखवणार? मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ मध्ये गेली, त्यानंतर आपल्या पूर्व विदर्भात गावोगावचे निस्तार पत्रक झाले. सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कोणाचं, सगळं त्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले ते गावाच्या लढ्याने आणि अभ्यासाने. पण प्रत्येक गावात तसा अभ्यासगट नसतो. बाकीच्या गावाला निस्तार पत्रकाची नक्कल किती दिवसांत मिळते, यावर तिथलं जंगल कोणाचं हे ठरू शकतं.

आमच्या संस्थेच्या येत्या सभेत मी लेखी मागणी ठेवणार आहे. स्कॅन केलेल्या पानांचा आकडा अहवालात राहू द्या, पण त्याच्या वर चार ओळी घाला : १९६७ पूर्वीच्या किती नोंदी मागितल्या आणि किती दिल्या, सगळ्यात जास्त थांबलेल्याला किती दिवस लागले, किती जण रिकाम्या हाताने गेले आणि का, बाहेर गेलेल्या किती वह्या परत आल्या नाहीत. कोणत्याही शाळेला, ग्रामपंचायतीला, सोसायटीला हे उद्यापासून करता येईल. वहीचे रकाने कसे आखले ते हवं असेल तर मला मेसेज करा, फोटो पाठवते.