चेचा तो फोटो स्टुडिओतला? आधी रोल बघा

क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गव्हेरा, त्याचा तो टोपीवाला फोटो म्हणे स्टुडिओत दिवे लावून, पोझ द्यायला लावून काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आला आणि फोटोग्राफर कोट्यधीश झाला. हा मेसेज मी कितीदा तरी पुढे ढकलला होता. काल भाचीने तोच कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये डकवला आणि "मावशी, एकदा नजर टाक ना" म्हणून पाठवला. टाकली. डोकं फिरलं.

स्टुडिओ? ४ मार्च १९६० ला क्यूबाची राजधानी हवानाच्या बंदरात शस्त्रं घेऊन आलेल्या 'ला कूब्र' या फ्रेंच जहाजात स्फोट झाला. लोक मदतीला धावले, तेवढ्यात दुसरा स्फोट. गोदी कामगार, खलाशी, धावून आलेले, यांतले कितीतरी जण त्यात गेले. ५ मार्चला त्यांची अंत्ययात्रा होती. क्यूबाचा नेता कास्त्रो बोलत होता आणि फोटोग्राफर अल्बेर्तो कोर्दा 'रेव्होलुसियोन' या वर्तमानपत्रासाठी मंचाखाली लायका कॅमेरा घेऊन उभा होता. मागच्या रांगेतला चे क्षणभर कठड्याशी आला. कोर्दाने दोनदा बटण दाबलं, एक फ्रेम आडवी, एक उभी. तोवर चे मागे सरकलासुद्धा.

त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम एकाच कागदावर छोट्या आकारात, कुणालाही बघता येते. त्याच पट्ट्यांवर भाषण करणारा कास्त्रो आहे, फ्रेंच लेखक सार्त्र आणि सिमोन द बोव्हारही आहेत. आडव्या फ्रेममध्ये चेच्या एका बाजूला कुणाचा तरी अर्धा चेहरा, दुसरीकडे ताडाची पानं; कोर्दाने ती नंतर छाटली. स्टुडिओवाल्याने ताड आणि सार्त्र दोन्ही भाड्याने आणले होते का? त्या नजरेला 'अ‍ॅटिट्यूड' म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं की समोर मयत होती.

बरं, कोर्दा आधी फॅशन फोटोग्राफर होता, हे खरं. चेचं ते प्रसिद्ध लाल पोस्टरही फोटो नव्हे, आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने १९६८ मध्ये त्यावरून केलेलं चित्र. मान्य.

पहिलं पान? दुसऱ्या दिवशी पेपराने तो छापलाच नाही. प्रिंट वर्षानुवर्षं कोर्दाच्या भिंतीवर लटकत होती. १९६७ मध्ये इटलीचा प्रकाशक फेल्त्रिनेल्ली दोन प्रती घेऊन गेला, त्यानंतर पोस्टरांचा पूर आला. कोर्दाला रॉयल्टी शून्य. २००० मध्ये व्होडकाच्या जाहिरातीत फोटो वापरला म्हणून तो लंडनमध्ये कोर्टात गेला, तडजोडीत सुमारे ५०,००० डॉलर मिळाले, तेही त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधांना देऊन टाकले.

"मग कुठला फोटो लावू?" भाचीने विचारलं. आख्खी आडवी फ्रेम लाव म्हटलं, ताडाच्या पानांसकट.