भरलेला टँकर विमानात का चढवत नाहीत

हा फॉरवर्ड मी एरवी वाचलाही नसता. पण तो मावशीपर्यंत पोचला. २०२१च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन बेडची वाट बघताना काका गेले. तिने फोन करून विचारलं, ‘ऑक्सिजनने भरलेला टँकर विमानाने येऊ शकला असता का रे?’

फॉरवर्ड म्हणतो: सी-१७ ग्लोबमास्टर हे हवाई दलाचं मोठं मालवाहू विमान भारतात बनतं, त्यात तीन अर्जुन रणगाडे मावतात, ८२३ माणसं बसतात, मातीच्या कुठल्याही पट्टीवर ते उतरतं, तरी हवाई दलाने फोटोपुरते रिकामे टँकर फिरवले.

नाही, मावशी. टँकर रिकामे नेले हे खरं, आणि तेच बरोबर होतं. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. टाकी कितीही चांगली असो, आत थोडी थोडी वाफ होतच राहते आणि दाब वाढला की ती बाहेर सोडावी लागते. रस्त्यावर ती वाऱ्यावर जाते. विमानाच्या बंद पोटात साठते, आणि अशा हवेत ग्रीस, कापड, वायरींचं आवरण एका ठिणगीने भडकतं. म्हणून वेळ वाचवायला जाताना विमान, भरून येताना रस्ता किंवा रेल्वे. त्या एप्रिलमध्ये सी-१७ने पुण्याहून जामनगरला दोन रिकामे टँकर नेले ते यासाठीच. कळंबोलीहून मालगाडीवर विशाखापट्टणमला गेलेले ७ टँकरही रिकामेच होते. भरून ते नागपूर-नाशिकला आले. जाब विचारायचाच तर इतके थोडे टँकर का होते, हा विचारा.

बाकीचं पटकन उरकतो. अमेरिकी हवाई दलाचं माहितीपत्रक कमाल भार १,७०,९०० पौंड सांगतं, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टन. अर्जुन मार्क-१ साडेअठ्ठावन्न टनांचा. एक चढला, विषय संपला.

८२३ माणसं नेली होती, ती अमेरिकी सी-१७ने, १५ ऑगस्ट २०२१ला काबूलहून, जमिनीवर खेटून बसवून. त्यात १८३ मुलं. तिला आसनक्षमता म्हणायचं तर लोकलच्या दारात लटकणारेही मोजा. पत्रकात छत्रीधारी सैनिक १०२ आहेत.

पट्टीचं मात्र अर्धंमुर्धं मान्य करावं लागतं. पत्रकात साडेतीन हजार फुटी धावपट्टी आहे, आणि २०१६मध्ये आपलं सी-१७ अरुणाचलात मेचुकाच्या ४,२०० फुटी धावपट्टीवर उतरलंही. पण ‘कुठल्याही’? उंचीवर, उन्हात हवा विरळ झाली की भार कमी करावाच लागतो.

आणि भारतात बनतं म्हणे! शेवटचं सी-१७ कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कारखान्यातून २०१५मध्येच बाहेर पडलं. वडोदऱ्याचा कारखाना सी-२९५चा आहे, आणि ते बरंच लहान विमान आहे.